पाव पानाचा हिशोब

(मंडळाच्या निधी-संकलन स्नेहमेळाव्यात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे मनापासून आभार. आम्हाला सांगण्यात आलं, "तुम्ही दोघं सॉफ्टवेअरमध्ये आहात, इंटरनेटवरच्या धंद्याबद्दल पंधरा मिनिटं बोला." मागून मसालेभाताचा वास येतोय, म्हणजे आमच्या आणि तुमच्या मधे आता फक्त हे भाषणच उभं आहे, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. तेव्हा वेळेत संपवू.

विषय मात्र आम्ही आमच्या मनाने थोडा बदलून घेतला. इंटरनेटवरून लाखो कसे कमवावेत हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही तुम्हाला २,४९० डॉलर कसे घालवले, ते सांगणार आहोत. हा विषय निवडण्याचं कारण असं, की आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींनी या स्मरणिकेत जाहिरात दिली आहे आणि उरलेल्यांना कधी ना कधी कुणीतरी "तुमची एक जाहिरात द्या ना" असं म्हटलेलं आहे. छापील जाहिरात परवडते का? विशेषतः ज्याचं स्वतःचं दुकान नाही, फक्त एक छोटी वेबसाइट आहे, त्याला परवडते का? या प्रश्नाचं उत्तर आम्ही स्वतःच्या खिशातून शोधलं. ते तुम्हाला आज फुकट मिळेल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही दोघंही इंजिनियर. एक सांगलीचा, एक नाशिकची, दोघांची भेट पुण्यात आणि संसार मेलबर्नमध्ये. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑस्ट्रेलियात आपलं पूर्ण दुकान उघडलं, तेव्हा आमच्या डोक्यात एक कल्पना आली. भारतातून नव्याने येणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न ठरलेले असतात. इथे कोणता मिक्सर चालेल? प्रेशर कुकर आणावा की इथे घ्यावा? फोनचा कोणता प्लॅन? घरी पैसे पाठवायला कोणती सेवा स्वस्त? या प्रश्नांची उत्तरं आम्ही दर आठवड्याला कुणा ना कुणाला फोनवर देतच होतो. मग ती वेबसाइटवर लिहून ठेवली तर? आणि वस्तूच्या नावापाशी दुकानाची लिंक दिली, त्या लिंकवरून कुणी खरेदी केली, तर दुकान आपल्याला थोडं कमिशन देतं. याला अ‍ॅफिलिएट वेबसाइट म्हणतात.

सांगलीला बाबांना हे फोनवर समजावून सांगायला आम्हाला अर्धा तास लागला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही अडते झालात!"

मंडळी, यापेक्षा सोपी व्याख्या आम्हाला आजवर सापडलेली नाही. मार्केट यार्डातला अडत्या माल पिकवत नाही, खातही नाही. तो विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देतो आणि त्याची अडत घेतो. फरक इतकाच, की यार्डात अडत कुणी द्यायची यावर वर्षानुवर्षं वाद चालले. २०१६ साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय झाला. आमच्या धंद्यात ती विकणारं दुकान देतं. वाचकाला एक सेंटही जास्त पडत नाही. पण अडत ती अडतच, आणि तीही बारीक. शंभर डॉलरच्या मिक्सरवर आम्हाला मिळायचे चार डॉलर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिशोबात ती पुन्हा येणार आहे.

पहिल्या वर्षी वेबसाइट बरी चालली. बरी म्हणजे होस्टिंगचा खर्च निघून महिन्याला दोघांचं एक बाहेरचं जेवण. सप्टेंबर २०१८ मध्ये आमची मुलगी झाली. रात्री तिला मांडीवर घेऊन एका हाताने लेख टाइप करायचे, असे ते दिवस. तेव्हा वाटलं, थोडी ओळख वाढवली तर हे खरंच एक उत्पन्न होईल. बाबांना विचारलं. बाबांचं सांगलीत शालेय साहित्याचं दुकान होतं. दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, ते स्थानिक दैनिकात न चुकता जाहिरात द्यायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पेपरात दिल्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

आम्हालाही ते पटलं. आम्ही ज्या घरांत वाढलो, तिथे पेपर म्हणजे प्रमाण. पुण्यात आमच्यापैकी एकाला पहिली कॉट बेसिसची खोली मिळाली ती पेपरातल्या छोट्या जाहिरातीतून. आमच्या मावशीचं लग्न रविवारच्या पुरवणीतल्या वधू-वर सदरातून जमलं. जे छापून आलं ते खरं, असा विश्वास आपल्या पिढ्यांच्या हाडीमाशी आहे. आणि इथे तर आपली हक्काची वर्तमानपत्रं होती. डँडेनाँगच्या फॉस्टर स्ट्रीटवर किंवा सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये किराणा घ्यायला गेलात की काउंटरजवळ फुकट पेपरांचे गठ्ठे असायचे. तांदळाची गोणी ट्रॉलीत टाकली, की वर एक पेपर ठेवायचा, हा आपला रिवाज. म्हणजे आम्हाला हवा असलेला वाचक नेमका तिथेच होता.

तेव्हा मार्च ते मे २०१९ असे तीन महिने एका मासिक वर्तमानपत्रात पाव पान घेतलं. महिन्याला ५५० डॉलर, एकूण १,६५०. शिवाय आमच्या उपनगराच्या एका इंग्रजी साप्ताहिकात दोन आठवडे छोटी चौकट, ४२० प्रमाणे ८४०. बेरीज २,४९०. दोघांचीही नावं घेत नाही, कारण त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी कबूल केलं ते छापलं, सुबक छापलं आणि वेळेवर छापलं.

हे पैसे कुठून आले, तेही सांगायला हवं. ते आई-बाबांच्या तिकिटासाठी बाजूला काढलेले पैसे होते. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला, सप्टेंबरमध्ये, ते दोघं येणार होते. आम्ही विचार केला, तीन महिन्यांत जाहिरातीचे पैसे परत येतीलच, तिकिटं जुलैमध्ये काढू.

आता हिशोब. आम्ही इंजिनियर असल्यामुळे एक काम बरं केलं. मोजण्याची व्यवस्था आधी केली. दोन्ही जाहिरातींत वेबसाइटच्या पत्त्यापुढे वेगवेगळी शेपटी जोडली, म्हणजे कोण कुठून आलं ते कळावं. तीन महिन्यांनी वही उघडली. मासिकातून शेपटीसकट पत्ता टाइप करून आलेले लोक २१२. साप्ताहिकातून ९. हो, नऊ, आणि त्यातला एक आमचा शेजारी. अर्थात शेपटी टाइप करायचा कंटाळा करणारे असतातच, म्हणून त्या काळात थेट पत्त्यावर नेहमीपेक्षा जे साधारण दीडशे लोक जास्त आले, तेही जाहिरातीच्याच खात्यात धरले. एकूण ३७१. म्हणजे एका माणसाला आमच्या दारापर्यंत आणायला खर्च आला ६ डॉलर ७१ सेंट.

या ३७१ पैकी दुकानाच्या लिंकवर गेले ६४. त्यातल्या ११ जणांनी काहीतरी विकत घेतलं. सरासरी खरेदी १२० डॉलर, त्यावर चार टक्के, म्हणजे माणशी ४ डॉलर ८० सेंट. अकरा जणांचे ५२ डॉलर ८० सेंट. तिघांनी पैसे पाठवण्याच्या सेवेत खातं उघडलं, त्याचे ३० प्रमाणे ९० मिळाले. एकूण जमा १४२ डॉलर ८० सेंट.

खर्च २,४९०. जमा १४२.८०.

हा आकडा पाहून आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग आमच्यातलं एक म्हणालं, "निदान साप्ताहिकाचे आठशे तरी वाचवायला हवे होते." यावर दुसऱ्याने जे उत्तर दिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतर आम्ही चूक शोधायला बसलो. कामावर प्रोग्रॅम कोसळला की करतो तसंच. पहिला संशय मोजण्यावर. अ‍ॅफिलिएट धंद्यात दुकान तुम्हाला ओळखतं ते वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या एका छोट्या खुणेवरून. तिला कुकी म्हणतात. तिची मुदत असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ती साधारण चोवीस तासांची असते. आता आपला माणूस कसा खरेदी करतो ते बघा. पेपर शनिवारी घरी आला. रविवारी चहाबरोबर वाचला. सोमवारी ट्रेनमध्ये फोनवर आमचा पत्ता टाकून लेख वाचला, लिंकही उघडली. मग बायकोला विचारलं, सासूबाईंना विचारलं आणि पुढच्या शनिवारी लॅपटॉपवर शांतपणे मिक्सर घेतला. तोपर्यंत खूण पुसली गेली आणि फोन नि लॅपटॉपही वेगळे. खरेदी झाली आमच्यामुळे, पण वहीत शून्य.

म्हणजे खरं उत्पन्न १४२ पेक्षा जास्त असावं, हे कबूल. पण समजा ते तिप्पट होतं. तरी होतात ४२८. तोटा तोटाच राहतो. तेव्हा दोष फक्त मोजण्याचा नाही, हे उघड झालं.

दुसरा मुद्दा वेळेचा. गूगलवर जो माणूस "ऑस्ट्रेलियात कोणता मिक्सर घ्यावा" असं टाइप करतो, त्याला त्या क्षणी मिक्सर हवा आहे. पेपर चाळणाऱ्याला त्या क्षणी चहा हवा आहे. आमची जाहिरात त्याच्या नजरेखालून जाते, आणि दोन महिन्यांनी मिक्सर जळतो तेव्हा पेपर रद्दीत गेलेला असतो. त्याला आमचं नाव अर्धवट आठवतं, तो ते गूगलमध्ये टाकतो आणि गूगल त्याला आमच्यापेक्षा मोठ्या वेबसाइटवर नेऊन सोडतो. म्हणजे जाहिरात आमची, गिऱ्हाईक दुसऱ्याचं!

पण सगळ्यात मोठं कारण तिसरं आहे, आणि ते आम्हाला बाबांनीच शिकवलं. आम्ही त्यांना फोनवर जरा वैतागूनच विचारलं, "बाबा, तुम्हाला कशी परवडायची हो जाहिरात?" ते म्हणाले, "अरे, जूनमध्ये वह्या घ्यायला आलेलं पोरगं दहावीपर्यंत माझ्याकडेच येतं. त्याची धाकटी बहीण येते. तिचा कंपास हरवतो, पुन्हा येते. एका जाहिरातीने दहा घरं जोडली तरी वर्षाचं काम झालं."

मंडळी, सगळा मुद्दा इथेच आहे. दुकानदार जाहिरातीने गिऱ्हाईक विकत घेतो, आणि ते गिऱ्हाईक त्याचं होतं. अडत्या जाहिरातीने गिऱ्हाईक विकत घेतो आणि चार डॉलर ऐंशी सेंटला दुकानाच्या स्वाधीन करतो. पुढच्या वेळी तो माणूस सरळ दुकानात जातो. त्याला आमची गरजच उरत नाही. आमच्या वहीप्रमाणे एका वाचकामागे उत्पन्न होतं सुमारे ३८ सेंट. २,४९० वसूल करायला साडेसहा हजारांच्या आसपास वाचक यायला हवे होते. पाव पानातून तेवढे येतील ही अपेक्षाच चुकीची होती, आणि हे गणित जाहिरात देण्याआधी एका कागदावर पाच मिनिटांत करता आलं असतं. इंजिनियरिंगच्या पदव्या दोन, आणि त्रैराशिक कुणी मांडलं नाही!

आता याच न्यायाने उलट बाजू बघा. होम लोन मिळवून देणारा ब्रोकर हाही एक अडत्याच. पण समजा पाच लाखांच्या कर्जावर त्याला ०.६ टक्के मिळाले, तर एका गिऱ्हाइकामागे तीन हजार डॉलर होतात. वर्षभर पाव पान देऊन तीन घरं मिळाली तरी त्याचं भागतं. केटरर, डब्याचा व्यवसाय, ड्रायव्हिंग स्कूल, भरतनाट्यमचा क्लास, घराची कागदपत्रं करणारे कन्व्हेयन्सर, या सगळ्यांना आपल्या समाजातलं छापील पान परवडू शकतं, कारण गिऱ्हाईक त्यांचं राहतं किंवा एकेका कामाची मिळकत मोठी असते. तेव्हा आमच्या अनुभवावरून "छापील जाहिरात वाया जाते" असा निष्कर्ष कृपया काढू नका. आमच्यासारख्या किरकोळ अडत्यालाच ती बुडवते.

या देशात तर वर्तमानपत्रांचं सगळं वैभवच जाहिरातींवर उभं होतं. मेलबर्नचा 'द एज' आणि सिडनीचा 'मॉर्निंग हेरल्ड' शनिवारी छोट्या जाहिरातींनी इतके जाड व्हायचे, की त्या उत्पन्नाला इथे 'सोन्याच्या नद्या' म्हणत. नोकऱ्या, घरं, गाड्या, सगळं त्यात. मग १९९५ मध्ये रिअलइस्टेट डॉट कॉम निघाली, १९९७ मध्ये सीक आणि कारसेल्स निघाल्या. तिन्ही मेलबर्नच्या, आपल्या अंगणातल्या. नद्या हळूहळू तिकडे वळल्या. १९६६ पासून मेलबर्नमध्ये निघणारा 'ट्रेडिंग पोस्ट' २००४ मध्ये टेल्स्ट्राच्या सेन्सिसने ६३ कोटी ६० लाख डॉलरला घेतला आणि २००९ मध्ये त्याची छपाई बंद झाली. डिसेंबर २०१८ मध्ये फेअरफॅक्स ही जुनी वृत्तपत्र कंपनी नाइनमध्ये विलीन झाली. मे २०२० मध्ये न्यूज कॉर्पने शंभराहून अधिक प्रादेशिक आणि उपनगरी वर्तमानपत्रांची छपाई थांबवत असल्याचं जाहीर केलं. यातली बरीच फक्त इंटरनेटवर उरली, काही कायमची बंद झाली.

आणि गंमत अशी, की वर्तमानपत्रं आता स्वतःच अडतीच्या धंद्यात उतरली आहेत. वायरकटर ही वस्तूंची परीक्षणं करणारी अमेरिकन अ‍ॅफिलिएट वेबसाइट २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये ती न्यूयॉर्क टाइम्सनेच विकत घेतली, सुमारे तीन कोटी अमेरिकन डॉलरला. इंग्लंडमध्ये मार्टिन लुईस यांनी २००३ मध्ये अगदी किरकोळ खर्चात मनीसेव्हिंगएक्सपर्ट सुरू केली. २०१२ मध्ये ती ८.७ कोटी पौंडांपर्यंतच्या सौद्यात विकली गेली. त्यांचं नाव घरोघरी झालं ते वर्तमानपत्रांत लिहून आणि टीव्हीवर बोलून, पैसे कसे वाचवावेत हे लोकांना सांगून. छापील पानावर ते होते, पण जाहिरातीच्या चौकटीत नव्हते.

हा धडा आम्हालाही योगायोगानेच मिळाला. आमची तीन महिन्यांची जाहिरात संपली तेव्हा त्या मासिकाच्या संपादकांना बहुधा आमची दया आली. ते म्हणाले, "एक लेख द्या, पैसे नकोत." आम्ही 'भारतातून येताना बॅगेत काय आणावं, काय आणू नये' असा लेख दिला. त्यात साध्या गोष्टी होत्या. दोन्ही देशांत वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त पिन वेगळी लागते. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचे पदार्थ, बिया, झाडपाला हे सगळं न लपवता लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतील, लपवलं तर दंड होईल, व्हिसाही जाऊ शकतो. दुधाची मिठाई आणायचा हट्ट आईला समजावून सोडायला लावा. लेखाच्या शेवटी एक ओळ वेबसाइटच्या पत्त्याची आणि एक ओळ, "आमच्या लिंकवरून खरेदी झाल्यास आम्हाला कमिशन मिळतं" अशी.

मंडळी, त्या फुकटच्या लेखाने पुढच्या तीन महिन्यांत जाहिरातीच्या दुपटीहून जास्त माणसं आणली. लोकांनी लेखाचा फोटो काढून भारतातल्या नातेवाइकांना पाठवला. एका बाईंचा फोन आला, की त्यांनी तो कापून फ्रिजवर लावलाय. पाव पानाची जाहिरात कुणी फ्रिजवर लावल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

कमिशनची ती ओळ लिहिताना आमच्यात वाद झाला होता. एकाला वाटलं, उगाच कशाला सांगायचं? पण सांगावंच. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा दिशाभूल खपवून घेत नाही आणि मोठ्यांनाही सोडत नाही. वीजयोजनांची तुलना करताना ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल आयसिलेक्टला २०२० मध्ये ८५ लाख डॉलर दंड झाला. हॉटेलांच्या दरांची क्रमवारी दाखवताना दिशाभूल केल्याबद्दल ट्रिव्हागोला २०२२ मध्ये ४ कोटी ४७ लाख डॉलरचा. आणि आपल्या समाजात तर कायद्याच्याही आधी लोक काय म्हणतील ते येतं. मंडळाच्या गणपतीला ज्याला तोंड दाखवायचंय, त्याने अडत लपवू नये.

छोट्या वेबसाइटसाठी छापील जाहिरातीचा विचार कुणी करत असेल, तर आमच्या पैशाने आलेलं शहाणपण थोडक्यात सांगतो. आधी एका वाचकामागे तुम्हाला सरासरी किती सेंट मिळतात ते काढा, आणि जाहिरातीच्या खर्चाला त्याने भागा. येणारा आकडा त्या पेपराच्या वाचकांकडे पाहून अशक्य वाटला, तर तिथेच थांबा. गिऱ्हाईक एकदा आलं की ते तुमच्याकडे राहील अशी काही सोय आहे का, ते बघा. निदान त्याचा ईमेल पत्ता त्याच्या परवानगीने तुमच्या यादीत यावा. पत्ता छोटा ठेवा. आता क्यूआर कोडही द्या. २०१९ मध्ये आम्ही तो दिला नव्हता, कारण तेव्हा लोक त्याकडे ढुंकून बघत नसत. पुढे कोव्हिडच्या काळात प्रत्येक दुकानाच्या दारात तो स्कॅन करून करून आपल्या आजी-आजोबांनाही सवय झाली. अ‍ॅफिलिएट योजनेच्या अटी शेवटपर्यंत वाचा. अ‍ॅमेझॉनच्या अटींत त्यांच्या लिंक छापील मजकुरात वापरायला मनाई आहे. तुमच्या वेबसाइटची ओळख करून देणं वेगळं आणि त्यांच्या नावाने प्रचार करणं वेगळं. कर्ज-विम्याची अडत मोठी असते म्हणून मोह होईल, पण आर्थिक सल्ला द्यायला इथे परवाना लागतो. आणि चौकट विकत घेण्याआधी संपादकांना विचारा, "तुमच्या वाचकांना उपयोगी पडेल असं काही लिहून देऊ का?"

हा प्रश्न आज पुन्हा निघण्याचं एक कारण आहे. २०२४ पासून गूगल अनेक प्रश्नांची उत्तरं स्वतःच वरच्या वर देऊ लागला आहे. छोट्या वेबसाइटपर्यंत माणूस पोचण्याची गरजच कमी होत चालली. फुकट मिळणारं पाणी आटतंय, तेव्हा आमच्यासारखे लोक पुन्हा पेपरांकडे, रेडिओकडे, मंडळाच्या सूचनाफलकाकडे बघायला लागले आहेत. आमची वेबसाइट अजून आहे. होस्टिंगचा खर्च निघतो, बाहेरचं जेवण क्वचित. पण कुणी नवीन कुटुंब विमानातून उतरण्याआधी ती वाचून येतं आणि भेटल्यावर सांगतं, तेव्हा बरं वाटतं.

आता तिकिटांचं काय झालं ते सांगून थांबतो. जुलै २०१९ मध्ये तिकिटं निघाली नाहीत. आम्ही आई-बाबांना सांगितलं, "आता एप्रिलमध्ये या, तेव्हा हवाही छान असते." २० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या. आई-बाबा आले ते एप्रिल २०२२ मध्ये. नात साडेतीन वर्षांची झाली होती. विमानतळावर तिने आजोबांकडे बघितलं आणि आमच्या मागे लपली. फोनच्या पडद्यावरचे आजोबा आणि हे उंच आजोबा एकच, हे तिला पटायला दोन दिवस लागले. त्यांनी आम्हाला कधी काही म्हटलं नाही. जाहिरातीचे पैसे आम्ही तिकिटांतून घेतले होते, हे आम्ही त्यांना सांगितलं तेही तेव्हाच. बाबा म्हणाले, "सल्ला माझाच होता की." आणि मग थोड्या वेळाने, "पण दुकान माझं होतं."

२,४९० डॉलर पुढे हळूहळू भरून निघाले. ती अडीच वर्षं कुठल्याच खात्यात जमा होणार नाहीत.

शेवटी स्मरणिकेतल्या जाहिरातदारांसाठी दोन शब्द. तुम्ही या अंकात अर्धं पान, पाव पान घेतलंत. त्यातून तुमचा धंदा वाढेल का? काहींचा वाढेल. आपल्याकडे जुन्या स्मरणिका कपाटातून काढून केटररचा नंबर शोधणारी घरं आहेत, आमचंही त्यातलंच. पण सगळ्यांचा वाढेल असं आम्ही या व्यासपीठावरून खोटं सांगणार नाही. एक व्यवहाराची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. करसवलतीला पात्र असलेल्या संस्थेला निव्वळ देणगी दिली तर ती देणगी म्हणून वजा होते. पैशाच्या बदल्यात जाहिरात घेतली, तर ती देणगी राहत नाही, ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवावी लागते. कुठलं सोयीचं ते आपापल्या अकाउंटंटला विचारा. आणि मनातही दोन्ही वेगवेगळी ठेवा. जाहिरातीकडून परतावा मागा, देणगीकडून मागू नका. दोन्हींची गल्लत केली की जाहिरातदारही नाराज होतो आणि दाताही.

यंदा आम्हीही या स्मरणिकेत पाव पान घेतलं आहे. त्यात वेबसाइटचा पत्ता नाही, क्यूआर कोड नाही. आई-बाबांच्या नावाने मंडळाला शुभेच्छा आहेत, एवढंच. या पाव पानाचा हिशोब आम्ही ठेवणार नाही.

आता मसालेभात थंड होण्याआधी तुम्हाला मोकळं करतो. देणगीची पेटी दाराजवळ डाव्या हाताला आहे. ताट घ्यायला जाताना ती वाटेतच लागेल, अशी व्यवस्था कार्यकारिणीने विचारपूर्वक केलेली आहे.